लिव्हिवमधला भाचा मांजराशिवाय यायला तयार नाही. काय करावं?

कोरेगावची_मंजू: माझ्या बहिणीचा मुलगा युक्रेनमध्ये लिव्हिवला मेडिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. २०२२ मध्ये ऑपरेशन गंगातून घरी आला होता, शिक्षण अर्धवट राहू नये म्हणून पुन्हा गेला. तिथे एक बोका पाळलाय, सोन्या. हल्ले वाढले की ताई रडून त्याला "ये बाबा" म्हणते आणि तो म्हणतो, सोन्याला टाकून येणार नाही. भावजी चिडलेत, एका मांजरापायी जीव धोक्यात घालायचा का म्हणून. त्याला समजवावं की मांजर आणायची सोय बघावी? कोणाला अनुभव आहे का?

स्नेहल_क्राकूव: मंजूताई, समजवण्यात वेळ घालवू नका, सोय बघा. मी पोलंडमध्ये राहते. मार्च २०२२ मध्ये युक्रेनलगतच्या मेडिका सीमेवर आणि तिथून जवळच्या प्शेमिश्ल स्टेशनवर चहा-जेवण वाटायला जात होते. कडाक्याची थंडी, पायी येणारी माणसं, आणि दर चार-पाच घरांमागे एक तरी जनावर. एक आजी डोळ्यांसमोरून जात नाहीत. कोटाची चेन अर्धी उघडी, आत मांजर, त्याचे फक्त कान बाहेर. चहा पुढे केला तर घेईनात, कारण घ्यायचा तर मांजरावरचा एक हात काढावा लागणार. कोणीतरी पिंजरा आणला, मांजर आत गेलं, कडी लागली, तेव्हा कुठे त्यांनी कप धरला. कीव्हजवळच्या इरपिनच्या मोडलेल्या पुलाखालून लोक कुत्री खांद्यावर घेऊन निघाले होते, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलंच असेल.

भावजींना एवढंच सांगा: जनावराची सोय नसली की माणूस निघतच नाही, आणि निघतो तेव्हा उशीर झालेला असतो. मांजराचे कागद वेळेत तयार झाले तर तुमचा भाचा वेळेत निघेल. मला ही दोन वेगळी कामं वाटतच नाहीत.

तेव्हा युरोपियन युनियनने नियम सैल केले होते, चिप-लस नसलेली जनावरंही आत घेतली आणि बाकीचं नंतर करून घेतलं. भारतानेही विद्यार्थ्यांच्या पाळीव प्राण्यांसाठी एकदाच म्हणून सवलत दिली होती. आता त्यावर विसंबू नका, पूर्ण कागद करा. विमानं बंद आहेत, त्यामुळे रस्त्याने किंवा रेल्वेनेच पोलंडला यावं लागेल. सीमा सत्तर-ऐंशी किलोमीटरवर आहे, पण रांगेत किती वेळ जाईल याचा भरवसा नाही.

पिंजरा आजच घ्यायला सांगा आणि खोलीत उघडा ठेवा, आत त्याचं नेहमीचं फडकं घाला. हल्ल्याचा भोंगा वाजला की मांजर पलंगाखाली घुसतं, तिथून ओढून काढताना चावे बसतात. पिंजऱ्यात झोपायची सवय असेल तर आपणहून तिथे जातं. अगदीच वेळ नसेल तर उशीचा अभ्रा चालतो, वरून गाठ मारायची, मांजर श्वास घेऊ शकतं. सीमेवर काही झालं तरी उघड्यावर पिंजऱ्याचं दार उघडायचं नाही. तिथे पळालेली मांजरं शोधणारी माणसं मी पाहिलीत, ते बघवत नाही.

डॉ_पशुवैद्य_पुणे: स्नेहलताईंशी सहमत. कागदांचा क्रम चुकवू नका: आधी मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळख-नंबराची बारीक चिप), मग रेबीजची लस, मग किमान ३० दिवसांनी रक्त घेऊन अँटीबॉडी टायटर, म्हणजे लशीने रक्तात पुरेशी प्रतिकारशक्ती आली का याची तपासणी. युरोपसाठी तो ०.५ आययू प्रति मिली किंवा जास्त हवा, आणि रक्त घेतल्यापासून ३ महिने थांबावं लागतं. म्हणून सुरुवात याच आठवड्यात व्हावी. भारतात उतरण्याआधी एक्यूसीएसचं (बाहेरून येणारे प्राणी तपासणारं सरकारी खातं) ना-हरकत प्रमाणपत्र लागतं आणि ठरावीक विमानतळांवरच प्राणी उतरवता येतो. मुंबई त्यात आहे. विमानात गुंगीचं औषध देऊ नका, रक्तदाब आणि श्वास बिघडतो. बोका आहे, तर लघवीवर लक्ष ठेवा. घाबरून तुंबली आणि दिवसभर झालीच नाही तर ताबडतोब डॉक्टर गाठायचा.

कोरेगावची_मंजू: दोघांचेही मनापासून आभार. ताईला वाचून दाखवलं. भाच्याला विचारलं, लस झालीय पण चिप नाही. मग ती लस धरतील का?

डॉ_पशुवैद्य_पुणे: नाही धरणार. चिपच्या आधीची लस कागदावर मोजत नाहीत. चिप बसवून त्याच दिवशी पुन्हा लस द्यायला सांगा, सोन्याला त्याने काही होणार नाही.

स्नेहल_क्राकूव: आणि चिपच्या नंबरचा स्टिकर मांजराच्या पासपोर्टवर लावून घेतला की फोटो काढून ताईंकडेही पाठवायला सांगा. सीमेवर फोनची बॅटरी संपली तर घरून कोणीतरी नंबर सांगू शकतं. तो निघायच्या आधी मला इथे निरोप टाका, प्शेमिश्लला मी येते.