फोर्ड ३०० सिक्स: घाटात दम लागतो, काय बदलू?

गगनबावडा_लोड: १९८४ ची पिकअप, ४.९ लिटर (म्हणजेच ३०० घनइंच), सरळ सहा सिलिंडर, एका बॅरलचा (हवेच्या एकाच तोंडाचा) कार्बोरेटर. हेड (सिलिंडरवरचं झाकण) न उतरवता ताकद कशी वाढेल?

बीडवाला: भावा, आधी एक्झॉस्ट. जुन्या मॅनिफोल्डमध्ये (धूर गोळा करणाऱ्या नळकांड्यात) सहाही सिलिंडरचा धूर एकाच तोंडातून निघतो. १९८७ नंतरच्या इंजेक्शनवाल्या ३०० चे बिडाचे दोन तुकडे याच हेडवर बसतात: पुढचे तीन वेगळे, मागचे तीन वेगळे. मग चार बॅरलचा इनटेक (कार्बोरेटरमधून सिलिंडरकडे हवा-पेट्रोल नेणारा मॅनिफोल्ड) आणि ३९० सीएफएमचा (मिनिटाला ३९० घनफूट हवा घेणारा) कार्बोरेटर. मोठा नको, कमी आरपीएमला हवेचा वेग पडतो आणि गाडी अडखळते. हां, जुन्या एक्झॉस्टमुळे इनटेकला खालून मिळणारी ऊब जाते, म्हणून रेडिएटरचं गरम पाणी इनटेकखालून फिरवा. नाहीतर पावसाळ्यात सकाळी रडवेल.

लेथ_उद्यमनगर: त्याआधी टायमिंग गिअर (क्रँकवरून कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, फिरवणारे गिअर) बघा! या इंजिनला चेन नाही, कॅमचा गिअर फायबरचा असतो. दात तुटले की चुरा ऑइल पॅनमध्ये, तिथून ऑइल पंपाच्या जाळीत. अॅल्युमिनियमचा टाका, थोडी शिट्टी ऐकू येईल. कॅम बाहेर काढून गिअर प्रेसवरच बसवा, हातोडा लावू नका.

गगनबावडा_लोड: इग्निशन?

बीडवाला: डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूम नळी बंद करून ठिणगीचं टायमिंग १० अंश आधी (अॅडव्हान्स) ठेवून सुरुवात, दोन-दोनने वाढवा. चढाला इंजिनात टकटक (नॉकिंग) आली की दोन मागे. आणि ४००० आरपीएमच्या वर ओढू नका, हे टॉर्कचं (कमी वेगात जोर देणारं) इंजिन आहे.