मंकचं कॅबरे कार्ड

जॅझ पियानोवादक थेलोनियस मंक इतकी वर्षं मागे का राहिला, तर 'विक्षिप्त स्वभाव', असं म्हटलं जातं. अर्धंच उत्तर वाटतं हे. १९५१ मध्ये ड्रग्जच्या प्रकरणात त्याचं कॅबरे कार्ड गेलं. ते पोलिसांकडून मिळायचं, आणि त्याशिवाय न्यूयॉर्कमध्ये दारू मिळणाऱ्या क्लबात वाजवायला बंदी. ऐन उमेदीची वर्षं अशी गेली! १९५७ ला कार्ड परत मिळालं, न्यूयॉर्कच्या 'फाइव्ह स्पॉट' क्लबात सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनबरोबर वाजवू लागला आणि गर्दी लोटली. स्वभाव तोच होता की. कोल्ट्रेनचा सोलो रंगला की मंक पियानो सोडून उठायचा आणि स्वतःभोवती गोल फिरत नाचायचा. त्याच्या वादनासाठी १९४८ चं 'मिस्टीरिओसो' हे रेकॉर्डिंग ऐका. साधा ब्लूज, पण प्रत्येक सूर मोजूनमापून ठेवलेला.