जांभा आणि काळी वाळू दळण्यासाठी बॉल मिलचे भांडे व गोळे कशाचे घ्यावेत?

प्रश्न (रत्नागिरी)
नमस्कार. जांभा दगड आणि काळबादेवीच्या किनाऱ्यावरील काळी वाळू यांतील लोह, क्रोमियम व निकेल मोजण्याचे काम मी पदव्युत्तर प्रकल्पासाठी करत आहे. आमच्या प्लॅनेटरी मिलला (भांडे वेगाने फिरवून आतल्या गोळ्यांनी नमुना दळणारी बॉल मिल) स्टेनलेस स्टीलचे एकच भांडे आहे. त्यात दळलेल्या जांभ्यात क्रोमियम बरेच जास्त आले. तोच नमुना अकीक (अ‍ॅगेट) या कठीण दगडाच्या खलात हाताने घोटला, तेव्हा ते कमी भरले. निधी एकाच नव्या भांड्यापुरता आहे. टंगस्टन कार्बाईड सर्वांत कठीण, तेच मागवा, असे काहीजण सुचवतात. ते योग्य ठरेल का?

उत्तर १
झीज प्रत्येक भांड्याची होते, त्यामुळे ते किती कठीण आहे यापेक्षा त्याची झिजलेली भुकटी तुमच्या मोजणीत लुडबुड करते का, हे आधी पाहावे. स्टेनलेस स्टील लोह, क्रोमियम आणि निकेल सोडते, म्हणजे नेमके तुम्ही शोधता तेच. टंगस्टन कार्बाईडची घनता सुमारे १५ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर असल्याने दळण झपाट्याने होते. मात्र त्याचे कण बहुधा कोबाल्टने बांधलेले असतात, आणि उद्या कोबाल्टही मोजावासा वाटला तर पंचाईत होईल. सुमारे ६ घनतेचा, यिट्रियमने स्थिर केलेला झिर्कोनिया (झिर्कोनियम ऑक्साइड) मला तुमच्यासाठी योग्य वाटतो. त्यातून मुख्यतः झिर्कोनियम व यिट्रियम येतात. वाळूतील झिरकॉन या झिर्कोनियमयुक्त खनिजाचे प्रमाण काढायचे असेल, तर मात्र हे भांडे वापरू नये.

उत्तर २
अकीकाचा मोह टाळावा. त्याची घनता २.६५च्या आसपास असल्याने गोळ्यांचा मार हलका पडतो, आणि वाळूत झिरकॉनचे कण असल्यास ते अकीकापेक्षा कठीण असल्याने त्यालाच ओरखडतात. खल पडताळणीसाठी ठेवावा. आणखी एक: पैसे वाचवण्यासाठी स्टीलच्या भांड्यात झिर्कोनियाचे गोळे टाकू नयेत. गोळे स्टीलच्या भिंती खरवडतात आणि क्रोमियम पुन्हा नमुन्यात उतरते.

उत्तर ३
खरेदीआधी शुद्ध क्वार्ट्झ त्याच स्टीलच्या भांड्यात, तितकाच वेळ दळून त्याचे विश्लेषण करावे. हा कोरा नमुना भांड्याचा हिस्सा दाखवतो. पांढरी भुकटी करडी दिसू लागली, तर तेवढ्यावरूनही अंदाज येतो. कोरडे दळताना साधारण एक तृतीयांश गोळे, एक तृतीयांश नमुना आणि उरलेली जागा मोकळी ठेवावी. गोळा सर्वांत मोठ्या कणाच्या किमान तिप्पट असावा. पावसाळ्यात रासायनिक विश्लेषणाचा नमुना १०५ अंश सेल्सिअसला सुकवल्याखेरीज भांड्यात घालू नये. आमच्याकडे आषाढात ओलसर जांभा तळाशी असा थापला गेला, की गोळे त्याच्यावरच लोळत राहिले आणि खाली खडे तसेच उरले.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. क्वार्ट्झ दळून पाहिला. भुकटी राखाडी निघाली. आता झिर्कोनियाच्या भांड्याचे आणि त्याच पदार्थाच्या गोळ्यांचे दरपत्रक मागवत आहे.