जिमची कुपनं वाटून भागणार नाही

न्यूझीलंडच्या मूळ रहिवासी माओरींमधला लठ्ठपणा कमी करायच्या मोहिमेत काय करावं, या चर्चेत दोघातिघांनी कॅलरीचे तक्ते आणि जिमची कुपनं सुचवली आहेत. माओरींमध्ये ती फारशी चालतील असं मला वाटत नाही. माओरी मानसोपचारतज्ज्ञ मेसन ड्युरी यांनी १९८० च्या दशकात मांडलेल्या 'ते फारे तापा फा' ('चार भिंतींचं घर') या आरोग्य-प्रारूपात शरीर ही घराची चारपैकी एकच भिंत. उरलेल्या मन, आत्मा आणि कुटुंब. 'आयर्नमाओरी'चा विषय इथे कुणीच काढला नाही याचं नवल वाटलं. २००९ पासून न्यूझीलंडमधल्या नेपियरला भरते ही शर्यत: २ किमी पोहणं, ९० किमी सायकल, २१ किमी धावणं. वाचूनच दम लागतो, पण टीम करून टप्पे वाटून घेता येतात. मावशी पोहणार, भाचा सायकल मारणार, आणि घरच्यांना तोंडघशी पाडायचं नाही म्हणून तिसरा पहाटे उठून पळणार!

आणि हो, मराएचं (त्यांच्या सभास्थानाचं) स्वयंपाकघर विसरू नका. पाहुण्याला पोटभर जेवू घालणं हा तिथे यजमानाच्या इभ्रतीचा प्रश्न, आपल्या पंगतीतल्या आग्रहासारखाच. 'कमी खा' म्हणणारं पत्रक तिथे कोण वाचतो? त्यापेक्षा रांधणाऱ्यांनाच पहिल्या बैठकीला बोलवा. टेबलावर कोल्ड्रिंकऐवजी पाण्याचे जग आणि 'बॉइल-अप'मध्ये (मांस आणि भाज्या एकत्र उकळून केलेल्या त्यांच्या पदार्थात) चरबी कमी, वॉटरक्रेसची पालेभाजी जास्त, एवढं त्यांनी मनावर घेतलं तरी पुष्कळ.