रोममध्ये सान क्लेमेंते चुकवू नकोस

कोलोसियम पाहून झाल्यावर अर्धा दिवस हातात आहे, विद्यार्थ्याच्या खिशाला झेपेल असं काय पाहू, असं तू विचारलं आहेस. तिथून चालत पाच-सात मिनिटांवर सान क्लेमेंते चर्च आहे. मी शिकत असताना गेले होते, आणि त्या सहलीतलं तेच सगळ्यात ठळक आठवतं.

वर बाराव्या शतकातलं चर्च. जिना उतरलं की त्याच्या पोटात चौथ्या शतकातलं. आणखी खाली पहिल्या शतकातल्या रोमन इमारती, एक अरुंद बोळ आणि मिथ्र या प्राचीन रोमन काळात पुजल्या जाणाऱ्या देवाचं ठाणं. मधोमध वेदी, तिच्यावर बैलाला मारणारा मिथ्र कोरलेला. हवा गार, भिंती ओलसर, आणि कुठूनतरी वाहत्या पाण्याचा आवाज सतत येत राहतो. १८५७ मध्ये मुलूली या आयरिश धर्मगुरूंनी खणायला घेतलं, तेव्हा हे उजेडात आलं.

वरचं चर्च फुकट, खाली उतरायला तिकीट. आणि हो, कोलोसियमचं २ युरोचं सवलतीचं तिकीट १८ ते २५ वयाच्या युरोपीय संघाच्या नागरिकांसाठी आहे, नुसत्या कॉलेजच्या ओळखपत्रावर ते मिळत नाही. म्हणून पूर्ण तिकिटाचे पैसे धर.