फिक्सेटर लावून आलेल्या पेशंटचं पुढे काय?

एक मत असं की नडगीचं हाड मोडून जखमेतून बाहेर आलं तरी थेट नेलच (हाडाच्या पोकळीत बसवायचा धातूचा दांडा) घालावी, बाहेरचा फिक्सेटर (हाडात पिना रोवून पायाबाहेर बांधलेली चौकट) म्हणजे वेळकाढूपणा. गस्टिलो (उघड्या फ्रॅक्चरची तीव्रता सांगणारी श्रेणी) एक, दोन आणि हाड झाकण्याइतकं मांस-कातडी उरलेल्या तीन-ए साठी हे पटतं. पण देवास-खरगोनकडून इंदूरला येणाऱ्याला फिक्सेटर आधीच लावलेला असू शकतो, आणि त्याचं काय हे त्या मतात येत नाही. नेल घालायचीच तर साधारण 2 आठवड्यांच्या आत. पिना जितक्या जास्त दिवस राहतील तितकी जंतू त्या वाटेने आत शिरायची भीती जास्त, आणि मग नेल तो संसर्ग हाडाच्या पोकळीभर नेते. पिनेभोवती पू असेल तर घाई नकोच: फिक्सेटर काढायचा, भोकं खरवडून धुवायची, पाय प्लास्टरच्या स्लॅबमध्ये ठेवायचा, भोकं सुकली की मग नेल.

पिन सैल होण्याचं एक मोठं कारण म्हणजे भाजलेलं हाड. बोथट बिटने, सलाइनची धार न सोडता भरभर ड्रिल केलं की भोकाच्या कडेचं हाड मरतं, आणि फिक्सेटरची 5 मिमीची शान्झ पिन (हाडात फिरवून बसवायची आट्यांची पिन) त्यात धरत नाही. तीन-बी (हाड झाकण्याइतकं मांस-कातडी न उरलेलं) असेल तर पिनांची जागा प्लास्टिक सर्जनला विचारूनच ठरवा, नाहीतर नेमकी फ्लॅपच्या (हाड झाकायला आणलेल्या मांस-कातडीच्या) वाटेत पिन येते. आणि रेफर करताना चिठ्ठीवर दोन गोष्टी हव्यातच: अँटिबायोटिकचा पहिला डोस किती वाजता दिला, आणि पिना कोणत्या तारखेला घातल्या.