हलगीच्या तालावर सोल्जर गाणार, पण आवाज कुणाचा?

उदगीरचा_गेमर

आम्ही तिघं मित्र सहा महिन्यांपासून 'फ्रायडे नाइट फंकिन' ह्या गाण्याच्या गेमचा एक मॉड, म्हणजे चाहत्यांनी बदलून केलेली आवृत्ती, करायलाव. ज्यांनी हा गेम खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ऑक्टोबर २०२० मध्ये लुडम डेअर ह्या गेम बनवायच्या स्पर्धेसाठी चौघांनी मिळून हा केला. स्क्रीनवर जांभळे, निळे, हिरवे, लाल असे चार बाण सरकत येतात. आधी समोरचा गातो, मग आपण तालात बटणं दाबून त्याला उत्तर द्यायचं. कोड खुला असल्यामुळं जगभरातली पोरं त्यात आपापली पात्रं आणि गाणी घालतात. आम्ही 'टीम फोर्ट्रेस २' ह्या शूटर गेममधले सोल्जर आणि हेवी घेतलेत. दोन गाणी झाली. तिसऱ्यात मात्र आपली हलगी आहे. मित्राच्या गावातले एक काका वाजवतात, त्यांचं मागच्या पोळ्याचं रेकॉर्डिंग मोबाइलमध्ये होतं. ते खाली टाकलं आणि वर सोल्जर. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला.

वाद सोल्जरच्या आवाजावरून लागलाय. ह्या मॉडमध्ये पात्र 'गातं' ते असं: मूळ गेममधल्या संवादातून 'आ', 'ए' असा इवलासा तुकडा कापायचा, तो एकेका सुरात बसवायचा आणि त्यावर चाल बांधायची. एक मित्र म्हणतो, आवाज आपणच काढू. माझं मत ठाम आहे, मूळचाच घ्यावा. सोल्जरचे डोळे हेल्मेटखाली झाकलेले असतात, त्याला आपण ओळखतो ते आवाजानंच. तुम्हाला काय वाटतं?

गोदाकाठची

माझा विरोध आहे. सोल्जरला आवाज देणारे रिक मे एप्रिल २०२० मध्ये कोविडनं गेले. त्यानंतर गेमची कंपनी वाल्व्हनं 'टीम फोर्ट्रेस २'च्या मैदानांत सलाम करणारे सोल्जरचे पुतळे उभे केले होते, आणि जवळ गेलं की त्यांचेच संवाद ऐकू यायचे. मी तेव्हा लॉकडाऊनमुळं नांदेडला घरात अडकले होते. एका रात्री पुतळ्यासमोर दोन्ही टीमचे खेळाडू गोळीबार थांबवून नुसते उभे होते, मीही उभी राहिले. आमच्या घरातलंही एक माणूस तेव्हा दवाखान्यात होतं. त्यामुळं तो आवाज माझ्यासाठी नुसता तुकडा नाही. त्या माणसानं कधी न गायलेलं गाणं त्याच्या गळ्यात घालायचं, आणि हो की नाही म्हणायला तो जगात नाही. हे मला पटत नाही.

परभणी_एक्सप्रेस

ताई, भावना समजली, पण असं बघितलं तर मॉड नावाची गोष्टच बंद करावी लागेल. मूळ 'टीम फोर्ट्रेस' हा १९९६ साली 'क्वेक'वर केलेला मॉड होता. 'काउंटर-स्ट्राइक' १९९९ साली 'हाफ-लाइफ'चा मॉड म्हणून आला. दोन्ही वाल्व्हनं पुढं आपल्याकडे घेतले. वाल्व्हनं तर फेब्रुवारी २०२५ मध्ये 'टीम फोर्ट्रेस २'चा कोडसुद्धा मॉडवाल्यांसाठी खुला केला, अट एवढीच की त्यातून पैसा कमवायचा नाही. ही पोरं काही विकायली नाहीत. दहा-पंधरा सेकंदांचे संवाद कापून, कानाला हेडफोन लावून एकेक सूर जुळवणं हे प्रेमाशिवाय होत नाही. मेलेल्या माणसाचा आवाज ऐकणं चूक असेल तर जुन्या कॅसेटी फेकून द्याव्या का?

गोदाकाठची

कॅसेटमधला माणूस स्वतः गायलाय. इथं आपण त्याला गायला लावतोय. आणि तुम्ही दिलेली उदाहरणं माझ्याच बाजूची आहेत. १९९६ मधल्या त्या पोरांनी 'क्वेक'चं इंजिन, म्हणजे गेम चालवणारा मूळ कोड, घेतलं आणि त्यावर आपला खेळ उभा केला. इंजिन घेणं वेगळं, गळा घेणं वेगळं. कोड खुला झाला म्हणून आवाजही खुला झाला असं होत नाही.

खालची_गल्ली

मी अंबाजोगाईचा. तुम्ही सगळे साता समुद्रापलीकडच्या माणसाच्या आवाजावर भांडायलेत, आणि धाग्यातल्या एका ओळीवर कुणीच थांबलं नाही. "एक काका वाजवतात, रेकॉर्डिंग मोबाइलमध्ये होतं." त्या काकांना विचारलं का? त्यांना माहीत आहे का की त्यांची हलगी कुठं लागणार आहे?

माझा आजा हलगी वाजवायचा. लग्नात वरात दारात पोचली की वाजवणाऱ्यानं बाहेर थांबायचं, जेवण शेवटी, आणि तेही बाजूला. पोळ्याला बैलापुढं चालताना सगळ्यांना हलगी पाहिजे असायची, पण हलगीवाल्याचं नाव कुणी घेत नव्हतं. आता तीच हलगी गेममध्ये येतेय ह्याचा मला आनंदच आहे, खरंच आहे. पण सोल्जरच्या खाली रिक मे हे नाव लिहिणार असाल आणि हलगीच्या खाली 'गावातले काका' लिहिणार असाल, तर मी ह्या मॉडच्या विरोधात आहे.

उदगीरचा_गेमर

नाही विचारलं. खरं सांगतो, डोक्यातच आलं नाही. रेकॉर्डिंग मित्राचं होतं, म्हणून ते आमचंच असं धरून चाललो. रविवारी गावी जातो.

बीडची_बाई

मी शाळेत शिकवते. मुलं दिवसभर ह्या गेमांबद्दल बोलतात म्हणून वाचायला आले. माझा प्रश्न वेगळा आहे. सोल्जर आणि हेवी कशाला हवेत? एवढं चित्र काढता येतं, चाल बांधता येते, तर पात्रंही आपलीच करा. परक्या कंपनीच्या पात्रावर सहा महिने घालवले आणि उद्या कुणी काढून टाका म्हटलं, तर हातात काय राहील? आसूड ओढणारा पोतराज घ्या, संबळ वाजवणारा गोंधळी घ्या. तुळजापूर आपल्याजवळ आहे. मुलांना आपली माणसं स्क्रीनवर दिसू द्यात.

खालची_गल्ली

बाई, तुमचा हेतू चांगला आहे, पण पोतराज म्हणजे वेशभूषा नाही. आमचा आजा पोतराजही होता. त्यानं केस कापले आणि ते सोडलं, तेव्हा घरात रडारड झाली होती. देवीचा कोप होईल म्हणून महिनाभर सगळे धास्तावलेले. आसूडाचे वळ त्याच्या पाठीवर शेवटपर्यंत होते. बटण दाबल्यावर आसूड ओढणारा पोतराज मला बघवणार नाही. त्यापेक्षा सोल्जर बरा. तो काल्पनिक आहे, त्याला दुखत नाही.

बीडची_बाई

हे मला सुचायला हवं होतं. पोतराजाचं मागं घेते. स्वतःची पात्रं करा हे मात्र मागं घेत नाही.

परभणी_एक्सप्रेस

पात्रं ओळखीची असतात म्हणून तर लोक मॉड उघडतात. नवीन पात्र घेऊन गाणं टाकलं तर गल्लीतले चार जण ऐकतील. सोल्जर असला तर ब्राझीलमधलं पोरगंही उघडणार, आणि हलगी पहिल्यांदा त्याच्या कानावर पडणार. माझ्यासाठी हे पुरेसं आहे.

जालन्याचा_चार्टवाला

मी ह्या गेमचे चार्ट करतो, म्हणजे कुठला बाण कुठल्या क्षणी यावा ते लावतो. धागाकर्त्यानं टाकलेला व्हिडिओ बघितला. आवाजाचं नंतर बघू, तुमची हलगीच चुकीची बसलीय.

तुमचा वेग १५० बीपीएम (मिनिटाला १५० ठोके) आहे, म्हणजे एक ठोका ४०० मिलिसेकंदांचा. तुम्ही ठोक्याचे चार भाग करून बाण लावलेत, १००, २००, ३०० असे. पण काका तिथं चाराचं नाही, तिनाचं वाजवायलेत. त्यांचे मधले दोन आघात १३३ आणि २६७ वर पडतात. तुम्ही ते ओढून १०० आणि ३०० वर नेले. जो कानानं खेळेल तो प्रत्येक वेळी ३३ मिलिसेकंदांनी चुकणार. सायक इंजिनमध्ये, म्हणजे ज्यावर असे मॉड बनतात त्यात, 'सिक' हा सगळ्यात वरचा शेरा मिळायला मुभा ४५ मिलिसेकंदांची असते, म्हणजे बिचाऱ्याच्या हातात १२ उरतात. खेळणाऱ्याला वाटेल आपलंच चुकतंय, आणि काका बेताल वाटतील. एडिटरमध्ये बाण बसवायची जाळी १६ वरून २४ वर घ्या, म्हणजे ठोक्याचे चाराऐवजी सहा भाग होतील, सगळे बाण जागेवर बसतील. मला विचाराल तर खरा अन्याय हा आहे. नाव द्या, पैसे द्या, पण आधी माणूस वाजवतोय ते नीट ऐका.

खालची_गल्ली

हे वाचून बरं वाटलं. आजा म्हणायचा, जाड टिपरू सगळ्यांना ऐकू येतं, बारीक काडी कुणाला येत नाही. ते मधले आघात त्या बारीक काडीचे आहेत.

गोदाकाठची

माझं मत अजून तेच आहे, सोल्जरसाठी मूळ आवाज घेऊ नका. एका जिवंत माणसाला विचारायला गावी जाताय, मग गेलेल्या माणसाला विचारता येत नाही म्हणून त्याचं सरळ घ्यायचं हे कसं?

उदगीरचा_गेमर

काल जाऊन आलो. काकांना ओट्यावर बसवून हेडफोन लावून दिला. पूर्ण गाणं ऐकलं, मान हलवत होते. सोल्जर कोण, तो का ओरडतो, सगळं विचारलं. नाव लावायला हो म्हणाले, फक्त वडिलांचं नावही त्यात पाहिजे, कारण हात त्यांनी बसवला. मॉड फुकट आहे, त्यातून काही येणार नाही, म्हणून आम्ही तिघांनी खिशातून पैसे काढून दिले. एका लग्नाच्या सुपारीला घेतात तेवढे घेतले.

पण पोळ्याचं रेकॉर्डिंग वापरायला त्यांनी साफ नाही म्हटलं. त्या दिवशी भुरभुर पाऊस होता, कातडं ओलसर होऊन उतरलं होतं, मिरवणुकीत शेकायला जाळ कुठून आणणार? आम्हाला जो आवाज खोल आणि भारी वाटत होता, तो त्यांना लाज वाटण्यासारखा वाटला. "हे माझं म्हणून लोकांना ऐकवू नका." लगेच अंगणात पाचट पेटवलं, हलगी शेकली, बोटानं टिचकी मारून बघितली, परत शेकली. मग वाजवलं. आता आवाज कडक आणि वरचा आहे, त्यामुळं सोल्जरची सगळी चाल नव्यानं बांधावी लागणार. जाळी २४ वर घेतलीय.

सोल्जरच्या आवाजावर आमच्यात अजून एकमत नाही. ताईंचं म्हणणं मित्राला पटलंय, मला अर्धंच पटलंय. तोवर हेवीचं गाणं पुरं करतो.